गोदामाचा विमा आहे, पाहुण्यांचं काय?

मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात आमच्या घराची ही दुसरी पिढी. नाशिक-सिन्नर पट्ट्यातल्या लॉन्सवर आम्ही स्टेज, ट्रस, कमानी उभारतो. विमा नव्हता असं नाही. कर्ज देताना बँकेने पॉलिसी घ्यायलाच लावली होती आणि हप्ता दरवर्षी खात्यातून परस्पर वळता व्हायचा. पुढे एप्रिलमधल्या एका लग्नात वळवाचा वारा सुटला, प्रवेशद्वाराची कमान बुडापासून उचकटली आणि नवरीच्या मामांच्या अंगावर आली. मांडीचं हाड मोडलं. पॉलिसी बाहेर काढून वाचली. गोदामातल्या सोफ्यांना, गालिच्यांना, कापडाच्या ताग्यांना आग लागली असती तर पैसे मिळाले असते. मामांच्या पायासाठी तिच्यात एक ओळही नव्हती.

छोट्या धंदेवाल्यांची गफलत इथेच होते. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी आली. ती ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी आहे, त्यापुढे ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. दोन्ही चांगल्या आहेत. आग, वादळ, पूर, भूकंप यांत आपलं नुकसान भरून देतात. पण पॉलिसी हातात पडली की धंद्याचा विमा झाला असं वाटतं, आणि झालेला असतो फक्त मालाचा. आपल्या कामामुळे तिऱ्हाइताला इजा झाली किंवा त्याची वस्तू मोडली, तर कायद्याने जी भरपाई आपल्यावर बसते तिच्यासाठी पब्लिक लायबिलिटीची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९९१ मध्ये याच नावाचा कायदा झाला, पण त्याची सक्ती घातक रसायनं हाताळणाऱ्यांना. मंडपवाला, केटरर, जिमवाला यांना ती नाही, म्हणून एजंट सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. मुंबईतली मोठी गणेश मंडळं मात्र विचारतात. २०२४ मध्ये किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने ४०० कोटींहून जास्त रकमेचा विमा उतरवला, त्यात दागिन्यांबरोबर भाविकांसाठीची पब्लिक लायबिलिटीही होती.

मामांचा मुलगा समजूतदार होता. म्हणाला, “काका, तुमच्याशी भांडायचं नाही, पण ऑपरेशनचा खर्च कोणी करायचा?” पुढे वकिलाची नोटीस आली ती तिघांना: लॉन्सचे मालक, यजमान आणि आम्ही. लॉन्सवाल्यांनी करारातलं कलम दाखवलं, ‘सर्व जबाबदारी डेकोरेटरची’. तडजोडीत ठरलेली रक्कम आमच्या अख्ख्या लग्नसराईच्या कमाईएवढी होती. सोनं तारण ठेवून ती भरली.

त्यानंतर पब्लिक लायबिलिटीची पॉलिसी घेतली आणि घेताना शब्द न् शब्द वाचला. पहिली पाहण्याची गोष्ट म्हणजे जागा. बऱ्याच पॉलिसींत एकच पत्ता असतो, दुकानाचा किंवा गोदामाचा. आमचं काम रोज वेगळ्या लॉन्सवर. म्हणून ‘महाराष्ट्रात कुठेही’ असं लिहून घेतलं, आणि मंडप बांधताना व सोडतानाची वेळही त्यात घातली, कारण माणसाच्या डोक्यात पाइप पडतो तो बहुधा तेव्हाच. मर्यादा दोन असतात, एका अपघाताची आणि वर्षभराची. उपहार चित्रपटगृहाच्या १९९७ मधल्या आगीत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये भरपाई कमी केली, तरी वीस वर्षांवरच्या एकेका मृतामागे ती १० लाख ठेवली. मांडवाखाली माणसं किती असतात ते धरून आकडा ठरवा. आपण आधी सोसायची रक्कम किती, तेही बघा. आणि करारात आपण होऊन ओढून घेतलेली जादा जबाबदारी पॉलिसीत सहसा बसत नाही. लॉन्सवाल्यांचं ते कलम सही करण्याआधी खोडून घ्या, नाहीतर किमान आपल्या निष्काळजीपणापुरतं मर्यादित करून घ्या.

आपल्याकडचा कारागीर पडला तर तो तिऱ्हाईत धरला जात नाही. त्याच्यासाठी कर्मचारी भरपाईची पॉलिसी निराळी.

मला सगळ्यात अवघड गेलं ते एक कलम. अपघात झाल्यावर कंपनीच्या लेखी संमतीवाचून चूक कबूल करायची नाही, पैशाचा शब्द द्यायचा नाही. आपल्याकडे जखमी माणसाच्या उशाशी उभं राहून “काळजी करू नका, सगळं आमच्याकडे लागलं” असंच तोंडातून निघतं, आणि ते निघणं मला वाईट वाटत नाही. मी असं करतो: माणसाला उचलून दवाखान्यात नेतो, नातेवाइकांसोबत रात्रभर थांबतो, विचारपूस सोडत नाही. पण कागदावर काही लिहून देत नाही आणि रक्कम बोलत नाही. कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवतो. मोडलेल्या भागाचे फोटो काढतो, आणि सर्व्हेअर येईपर्यंत तो भाग भंगारात जाऊ देत नाही. नोटीस आली तर स्वतः उत्तर न देता पुढे पाठवतो.

आणखी एक. या पॉलिसी बहुतेक करून दावा ज्या दिवशी येतो त्या दिवसाशी बांधलेल्या असतात. अपघात यंदाचा आणि नोटीस दीड वर्षाने, असं सर्रास होतं. मध्ये नूतनीकरण चुकलं तर आधीचे हप्तेही वाया जातात. म्हणून किरकोळ वाटणारी घटनाही वेळच्या वेळी कळवून ठेवा आणि पोच जपून ठेवा.

दावा नाकारलाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याचं कार्यालय पुण्यातही आहे, मुंबईतही. एकट्याच्या मालकीचे धंदे आणि सूक्ष्म उद्योग तिथे तक्रार करू शकतात, ५० लाखांपर्यंत, आणि वकील लागत नाही. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो. त्याआधी आपली पॉलिसी काढून बघा, आणि लाइटवाला, जनरेटरवाला ज्यांना आपण काम देतो त्यांच्याकडेही त्यांच्या पॉलिसीची प्रत मागा. प्रत मिळाल्याशिवाय मी आता कोणाला बयाणा देत नाही.