पट्ट्या दोन, पण भाव निघेना

प्रश्न : आम्ही टोमॅटो पिंपळगावच्या बाजार समितीत विकतो. मागच्या आठवड्यात दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेत एक नंबर मालाचे ४० आणि दोन नंबरचे २० कॅरेट होते. पैसे आले १४,०००. दुसऱ्या खेपेत ६० आणि ३०, पैसे २१,०००. दोन्ही पट्ट्या शर्टाच्या खिशात राहिल्या आणि धुण्यात गेल्या, त्यामुळे कुठला माल काय भावाने गेला ते आता सांगता येत नाही. लेक दहावीला आहे. ती म्हणाली, "अज्ञात दोन, समीकरणे दोन, पाच मिनिटांत काढते." अर्ध्या तासाने तिच्या वहीत ० = ० एवढेच उरले होते. ती चुकली, की आमचे आकडे चुकले?
एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : तुमचे आकडे बरोबर आहेत आणि लेकही बरोबर आहे. चुकला तो धुण्याआधी खिसे न तपासणारा. तो कोण, हे तुमच्या घरात एव्हाना ठरलेच असेल.

तिने काय मांडले असेल ते पाहू. एक नंबरच्या एका कॅरेटचा भाव क्ष रुपये, दोन नंबरचा य रुपये. हमाली, तोलाई सध्या बाजूला ठेवू. पहिली खेप म्हणजे ४०क्ष + २०य = १४,०००. सगळ्याला २० ने भागले की राहते २क्ष + य = ७००. दुसरी खेप ६०क्ष + ३०य = २१,०००. तिला ३० ने भागा. पुन्हा २क्ष + य = ७००!

म्हणजे पट्ट्या दोन होत्या, पण बातमी एकच होती. दुसऱ्या खेपेत मालाचे प्रमाण तेच, दोन नंबरच्या एका कॅरेटमागे एक नंबरचे दोन. फक्त गाडी दीडपट भरलेली. पैसेही नेमके दीडपट आले. आता एका समीकरणातून तेच समीकरण वजा केल्यावर शून्याखेरीज काय हाती लागणार? ० = ० हे खोटे नाही, पण त्यातून कळतही काही नाही. २५० आणि २०० हे भाव बसतात, २६० आणि १८० बसतात, ३०० आणि १०० सुद्धा बसतात. आलेख काढायला सांगा तिला, दोन्ही रेषा एकमेकींवर पडतील.

"जितकी अज्ञाते तितकी समीकरणे" हे वाक्य शाळेत सगळ्यांनाच पाठ असते, पण ते अर्धेच आहे. दुसऱ्या समीकरणाने पहिल्यापेक्षा वेगळे काही सांगायला हवे. तुमची दुसरी खेप ३० एक नंबर आणि ५० दोन नंबर अशी असती आणि पैसे १७,५०० आले असते, तर ३क्ष + ५य = १,७५० मिळाले असते. पहिल्यावरून य म्हणजे ७०० − २क्ष. ते इथे ठेवले की ३क्ष + ३,५०० − १०क्ष = १,७५०, म्हणून ७क्ष = १,७५०. क्ष २५०, य २००. ताळा करून पाहा, दोन्ही खेपांचे पैसे जुळतात.

वेगळ्या मिश्रणाची ही गरज फार पूर्वी ओळखलेली आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात एक उदाहरण आहे: ९ महाळुंगे आणि ७ कवठे मिळून किंमत १०७, ७ महाळुंगे आणि ९ कवठे मिळून १०१. (महाळुंग म्हणजे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातले फळ. कवठ महाशिवरात्रीला घरोघरी येतेच.) मिश्रण कसे मुद्दाम उलटे केले आहे पाहा. दोन्ही खरेद्या एकत्र केल्या तर १६ महाळुंगे, १६ कवठे, किंमत २०८. म्हणजे एक जोडी १३ ला. एकीतून दुसरी वजा केली तर २ महाळुंगे ही २ कवठांपेक्षा ६ ने महाग. म्हणजे एकास ३ चा फरक. बेरीज १३, फरक ३. महाळुंग ८, कवठ ५. दहावीच्या पुस्तकात सहगुणकांची अदलाबदल असलेली समीकरणे येतात, ती याच जातीची. आणि क्ष-यची धास्ती वाटत असेल तर हेही सांगा की बाराव्या शतकात भास्कराचार्य पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् म्हणत आणि पुढच्यांना रंगांची नावे देत: कालक, नीलक, पीतक. मला ते अधिक गोड वाटते.

आता खरी गोम. पुस्तकातल्या उदाहरणात वह्या-पेनांचा भाव दोन्ही वेळी एकच असतो, आणि ते कोणी बोलूनही दाखवत नाही. तुमच्याकडे लिलाव असतो. आवक वाढली, सकाळचा माल संध्याकाळवर गेला, की भाव हलला. समजा दुसऱ्या खेपेचे १९,५०० आले असते. मग २क्ष + य = ६५०, आणि आधीचे ७००; वजाबाकीत ० = ५० येते. पुस्तक म्हणेल, उकल नाही. बाजारात त्याचा अर्थ एवढाच, की भाव उतरला. भाव बदलत असतील तर अज्ञाते दोन नाहीत, चार आहेत. तुमचे २१,००० नेमके जुळले यावरूनही भाव तेच होते असे ठरत नाही: पहिल्या दिवशी २५० आणि २००, दुसऱ्या दिवशी ३०० आणि १०० असते तरी रक्कम हीच आली असती.

जाता जाता लेकीसाठी. शाब्दिक उदाहरणे सहसा आकडेमोडीत नाही, मांडणीत बिघडतात. "क्ष म्हणजे टोमॅटो" असे लिहू नये. क्ष म्हणजे एका कॅरेटचे रुपये. आणि "एक नंबर दोन नंबरपेक्षा ५० ने महाग" हे वाचून हात आपोआप क्ष + ५० = य लिहून जातो, शब्द त्याच क्रमाने आलेले असतात म्हणून. महाग कोण, हे आधी विचारावे; ५० त्याच्या बाजूला नको, स्वस्ताच्या बाजूला हवेत: क्ष = य + ५०.

तुम्हाला भाव हवेच असतील तर ज्या व्यापाऱ्याच्या गाळ्यावर माल खाली केला तिथे पट्टीची नक्कल मागा. तिसऱ्या खेपेवरून काढू म्हणाल, तर त्या दिवशी भाव तिसराच असेल.