गरोदरपणात लपणारा क्षयरोग

डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी संपादन केली. प्रसूतिशास्त्र हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील, म्हणजेच आजच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातील, स्त्री-विभागासाठी करवीर संस्थानाने त्यांची नियुक्ती केली. परंतु रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता; औषध मात्र नव्हते. आज औषध आहे. गरोदर स्त्रीच्या बाबतीत अडचण उरते ती निदानाची.

थकवा, मंदावलेली भूक, धाप लागणे ही लक्षणे गरोदरपणाचीच समजून सोडून दिली जातात. वाढत्या गर्भामुळे वजनातील घटही झाकली जाते. त्यातच क्ष-किरणांच्या भीतीने तपासणी लांबते. वस्तुतः पोट झाकून काढलेल्या छातीच्या क्ष-किरण चित्रातून गर्भापर्यंत पोहोचणारे किरण अत्यल्प असतात. थुंकीच्या तपासणीत तर गर्भाला कसलाच धोका नाही.

निदान न झाल्यास गर्भपात, अकाली प्रसूती, कमी वजनाचे बालक व मातेचा रक्तक्षय यांचा धोका वाढतो. क्वचित वारेतून जंतू गर्भापर्यंत जातात. प्रसूतीनंतर रोग बळावण्याचा संभव असतो आणि तेव्हा नवजात बालक मातेच्या कुशीतच असते.

आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल व पायराझिनामाइड ही औषधे गरोदरपणात देता येतात. उपचार साधारणतः सहा महिने चालतात. बाळाच्या श्रवणशक्तीला अपाय होऊ शकत असल्याने स्ट्रेप्टोमायसिन मात्र टाळले जाते. बरे वाटू लागले म्हणून औषध मध्येच सोडू नये. उपचार घेणाऱ्या मातेने, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसल्यास, स्तनपान चालू ठेवावे. बाळाच्या प्रतिबंधक औषधाविषयी त्यांचा सल्ला घ्यावा.

कुटुंबीयांनी चार गोष्टींकडे लक्ष द्यावे : दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि न वाढणारे वजन. यांपैकी एकही आढळल्यास प्रसूतिपूर्व तपासणीत ती आवर्जून सांगावी. घरात कोणास क्षय झाला असल्यास तेही लपवू नये. शासकीय केंद्रांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात; नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी दरमहा १,००० रुपये साहाय्यही दिले जाते.

दात्यांच्या देणगीतून गरजू मातेचा सकस आहार व तपासणीसाठीचा प्रवासखर्च भागला, तर उपचार अर्धवट राहत नाहीत. अशा एका साहाय्याने दोन जीव सुरक्षित होतात.