खेळण्यांच्या दुकानांची साक्ष

जुन्या खेळण्यांचा संग्रह करणाऱ्या मनुष्यास, आपल्याजवळचे बरेचसे ज्ञान ग्रंथांनी नव्हे तर दुकानदारांनी दिलेले आहे, ही गोष्ट ती दुकाने बंद पडू लागेपर्यंत सहसा उमगत नाही. मला ती उमगली तेव्हा तिच्या पाठोपाठ काही द्रव्यहानी आणि पुष्कळ मनस्तापही पदरी आला. त्यातून जे शिकावयास मिळाले ते या छंदात नव्याने पडणाऱ्यांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा मजकूर लिहीत आहे.

गिरगावातील ज्या दुकानाशी माझा दीर्घकाळ ऋणानुबंध होता, तेथे पैसे देऊन वस्तू घेणे हा व्यवहाराचा केवळ शेवटचा भाग असे. मालक पेटी उघडून छोटी मोटार काउंटरवर ठेवीत, बोटाने ढकलून तिची चाके सरळ धावतात की नाही हे पाहत. हा माल अब्दुल रहमान स्ट्रीटवरील कोणत्या घाऊक व्यापाऱ्याकडून आला, मागच्या खेपेपेक्षा याचे टायर वेगळे का, कारखानदाराने रंग केव्हा बदलला, हे सारे न विचारता सांगत. आणि अखेरीस पावतीवर नुसते ‘खेळणे’ असे न लिहिता वस्तूचे नाव व रंग यांची नोंद करून देत. जमिनीच्या व्यवहारात सात-बाराच्या उताऱ्याला जे स्थान, ते संग्रहातील वस्तूच्या बाबतीत त्या पावतीला होते, हे मला पुढे कळून आले. दुकानदार हा विक्रेता तर होताच. परंतु वस्तू कोठून आली आणि मुळात कशी होती, याचा तो साक्षीदारही होता.

ही दुकाने एकाच कारणाने बंद पडली, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील संख्यात्मक निर्बंधांचा शेवटचा टप्पा उठला आणि स्वस्त परदेशी मालाचा लोंढा बाजारात शिरला. त्याच्याशी स्पर्धा करता करता अनेक देशी कारखाने थकले, आणि त्यांच्या मालावर उभी असलेली दुकानेही थकली. पुढे २०२० साली खेळण्यांवरील मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर गेले; १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोची मोहर नसलेली खेळणी विकण्यास मनाई झाली. मुलांच्या जिवाच्या दृष्टीने हा नियम सर्वथा योग्य आहे. परंतु फळीवर वर्षानुवर्षे पडून राहिलेला जुना शिल्लक माल, ज्यासाठी संग्राहक दुकानाची पायरी चढत असे, तो त्यामुळे विक्रीबाहेर गेला, हेही तितकेच खरे. याखेरीज मुलांच्या हाती आलेला मोबाईल, पागडीच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास आणि वडिलांच्या गादीवर बसण्यास नाखूष असलेली पुढील पिढी, या गोष्टी होत्याच.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. न्यू जर्सीस राहणारे माझे आप्त सुटीवर येताना ज्या ‘टॉइज आर अस’ या दुकानातून माझ्यासाठी मोटारी आणीत, त्याचा उगम चार्ल्स लाझरस यांनी १९४८ साली काढलेल्या दुकानात होता. २००५ साली काही गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे ६६० कोटी डॉलरांना ती कंपनी विकत घेतली, आणि त्या खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा बोजा कंपनीच्याच माथी बसला. व्याज फेडता फेडता दुकाने सुधारण्यास पैसा उरेना. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील ७३५ दुकाने गुंडाळण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि त्याच वर्षी जूनअखेर तेथील दारे बंद झाली. गिऱ्हाईक पुरते नाहीसे होण्यापूर्वीच दुकान नाहीसे होऊ शकते, हा त्यातील बोध आहे. म्हणून आपले आवडते दुकान गजबजलेले दिसते एवढ्यावरून संग्राहकाने निश्चिंत राहू नये.

गिरगावचे ते दुकान बंद झाल्यावर दूरच्या विक्रेत्यांवाचून मला गत्यंतर उरले नाही. त्यांच्यापैकी एकाकडून मी ‘निकी’ जातीची एक मोटार, मूळ पेटीसह म्हणून, आगाऊ रक्कम भरून मागविली. या मोटारींचा इतिहास मनोरंजक आहे. लिव्हरपूलच्या मेकानो कंपनीने आपल्या ‘डिंकी’ मोटारींचे काही जुने साचे भारतात विकले, आणि त्यांवरून १९६०नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून कलकत्त्यास या मोटारी तयार होऊ लागल्या. लिव्हरपूलचा कारखाना १९७९ साली बंद पडला. पण त्याच्या साच्यांतून उतरलेल्या या भारतीय मोटारींना परदेशी संग्राहकही आदराने जवळ करतात. आणि जेथे आदर व टंचाई एकत्र येतात तेथे लबाडीही येते. माझ्याकडे आलेल्या मोटारीच्या तळपत्र्याचे रिव्हेट ड्रिलने काढून पुन्हा बसविलेले होते, दारांच्या खाचांत नवा रंग दाटून बसला होता, टायर अलीकडच्या काळातले होते आणि पेटी तर सरळसरळ नव्याने छापलेली होती. विक्रेत्यास कळविले तेव्हा प्रथम मौन, आणि नंतर विकलेला माल परत घेतला जात नाही, असे उत्तर मिळाले. त्याने पाठविलेल्या छायाचित्रांत मोटारीचा तळ एकदाही दाखविलेला नव्हता.

तेव्हा पहिली सूचना ही की, दुकानदार जी पारख आपल्यासमोर करीत असे ती आता रक्कम देण्यापूर्वी आपणच करावी. तळपत्रा, रिव्हेट, आस, टायर, पेटीच्या चारही कडा आणि आतली बाजू यांची स्वच्छ छायाचित्रे विक्रेत्याकडून मागून घ्यावीत, आणि ती देण्यास जो टाळाटाळ करील त्याच्याशी व्यवहार करू नये. पुन्हा रंग दिलेली वस्तू बाळगण्यात काही कमीपणा नाही; ती मूळ रंगाची म्हणून विकली जाणे, यात मात्र फसवणूक आहे. पेटीच्या बाबतीत अतिनील दिव्याचा आधार काही लोक घेतात, कारण नवा कागद त्या प्रकाशात निळसर चकाकतो. परंतु कागद उजळविणारी द्रव्ये १९५०नंतरच्या कागदांतही आढळत असल्यामुळे केवळ त्यावरून निकाल देऊ नये.

दुसरी सूचना कायद्याविषयी. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये आपण जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रीव्यासपीठाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांच्या आत तक्रारीची पोच दिली पाहिजे आणि एक महिन्याच्या आत तिचे निवारण केले पाहिजे. मात्र नियमित धंदा म्हणून न विकणाऱ्या खाजगी व्यक्तीस हे नियम लागू होत नाहीत. संग्राहकांच्या आपसांतील बहुतेक व्यवहार याच दुसऱ्या वर्गात मोडतात, म्हणून तेथे कायद्यापेक्षा पूर्वचौकशीचाच भरवसा अधिक. निदान वस्तूचे वर्णन, ‘मूळ रंग, मूळ पेटी’ या स्पष्ट शब्दांत, विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. पुढे वाद उत्पन्न झालाच तर तोच आपला दस्तऐवज होय.

तिसरी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक संग्राहकाने एक वही ठेवावी, आणि तीत प्रत्येक वस्तूचे नाव, निर्माता, गाव, कोणाकडून व केव्हा घेतली, किती मूल्य दिले, घेताना कोणते दोष होते व पुढे कोणती दुरुस्ती केली, हा तपशील लिहावा. सावंतवाडीच्या चितार आळीत जाऊन लाकडी फळे-भाज्या घेताना, त्या करणाऱ्या कारागिराचे नाव त्याच्या संमतीने लिहून आणावे. कारण पुढे पन्नास वर्षांनी ते नाव सांगणारे दुसरे कोणी असेलच असे नाही. पावती चिकटवावी, तिची प्रतही काढून ठेवावी, कारण शाई फिकी पडते.

जतनाच्या कामातही पूर्वी दुकानदाराचा सल्ला मिळे. आता तो अनुभवानेच मिळवावा लागतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत पत्र्याची खेळणी गंजतात आणि पुठ्ठ्याला बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यापूर्वी कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. सेलवर चालणाऱ्या खेळण्यातील सेल काढल्याखेरीज ते कधीही कपाटात ठेवू नये. गळलेल्या सेलमधील द्रव्य धातूच्या पट्ट्या खाऊन टाकते. रबरी टायर प्लॅस्टिकला दीर्घकाळ टेकून राहिल्यास प्लॅस्टिक विरघळल्यासारखे होते. उन्हाने पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडते आणि छापील पेटीचा तांबडा रंग सर्वांआधी उडतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काही डिंकी मोटारींत जस्ताच्या मिश्रधातूमध्ये शिशाचा अंश गेल्यामुळे धातूला भेगा पडून अखेर त्याचा भुगा होतो. त्यावर इलाज नाही, म्हणून सूक्ष्म भेगा दिसताच अशी वस्तू घेण्याचा मोह आवरावा. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असल्याने संग्रहातील वस्तू लहान मुलांच्या तोंडाशी जाऊ देऊ नये, ही खबरदारी घरात नातवंडे असणाऱ्यांनी विशेष घ्यावी.

एखादे जुने दुकान बंद होत आहे अशी वार्ता कानी आली म्हणजे बहुतेक संग्राहक स्वस्तात माल मिळेल या आशेने धावतात. त्यांना माझे सांगणे असे की, मालाइतकेच कागदही मागा. कारखान्यांचे जुने किंमतपट, मागणीच्या वह्या, जाहिरातीचे फलक, घाऊक व्यापाऱ्यांची बिले हे सारे दुकानदाराच्या दृष्टीने रद्दी असते; वस्तुतः कोणते खेळणे कोणत्या वर्षी, कोणत्या रंगात, किती किमतीस बाजारात आले, याचा तोच एकमेव पुरावा असतो. गिरगावच्या दुकानाचे दप्तर रद्दीवाल्याच्या गाडीवर चढले तेव्हा त्याची ही किंमत आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. मालकांची अनुमती असल्यास त्यांच्या आठवणीही ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. त्या सांगण्यास ते सहसा उत्सुकच असतात.

शेवटची सूचना आपल्या मागे राहणाऱ्यांसाठी. संग्राहकाच्या पश्चात घरच्यांना वस्तूंचे मोल माहीत नसते आणि विचारावे असे दुकानही आता उरलेले नसते. मग सारा संग्रह कवडीमोलाने जातो. म्हणून वरील वही कोठे आहे हे घरात सांगून ठेवावे, आणि संग्रहाची पुढील तजवीज मृत्युपत्रात स्पष्ट करावी. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर जमविलेला संग्रह महाराष्ट्र शासनास अर्पण केला, म्हणून तो आज पुण्यात सर्वांस पाहता येतो. कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालयही १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. प्रत्येकाच्या संग्रहास असे भाग्य लाभणार नाही. पण नोंदी व्यवस्थित असतील तर एखादी शाळा, ग्रंथालय वा जाणता तरुण संग्राहक तो आनंदाने पत्करील.

आणि जी दुकाने अद्याप उघडी आहेत त्यांच्याविषयी एक विनंती. चार पैसे अधिक पडले तरी मुलांच्या वाढदिवसाचे खेळणे तेथूनच घ्यावे, मुलाला बरोबर न्यावे, आणि दुकानदाराला वस्तूची पेटी उघडून माहिती सांगू द्यावी. संग्राहकाला अखेर संग्रह मिळतो तो मुलांनी खेळलेल्या खेळण्यांतूनच. जेथे मुले जात नाहीत त्या दुकानाला केवळ संग्राहकांच्या गिऱ्हाइकीवर जगता येत नाही.