लहान स्टेशन टिकतें कशामुळें?

स्टेशन मोठें असलें म्हणजे तें टिकतें, असा पुष्कळांचा समज असतो. मुंबईचें कुलाबा स्टेशन मोठें होतें. तरी गाड्या चर्चगेटपर्यंतच आणण्याचें ठरल्यामुळें १९३० च्या अखेरीस तें बंद झालें. उलट आमच्या जिल्ह्यांतील पिंगळी व मिरखेल हीं लहान स्टेशनें परभणी-पूर्णा मार्गावर टिकून आहेत. याचें मर्म काय?

हा मार्ग दीर्घकाळ एकेरी होता. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकीं एकीस मधल्या स्टेशनांत बाजूच्या रुळावर उभी करून दुसरीस वाट द्यावी लागे. तेव्हां उतारू चार असोत वा चाळीस, तेथें स्टेशन ठेवणें रेल्वेस भागच होतें. ज्या थांब्यावर अशी सोय नसते, त्याची सारी भिस्त तिकिटांवर.

सन २०२० पर्यंत परभणी ते मुदखेड मार्ग दुहेरी झाला, आणि हा जुना आधार ढिला पडला. यापुढें लहान स्टेशनांचें रक्षण आपण उतारूंनींच करावयाचें आहे. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांनीं तिकीट वा पास घेतल्यावांचून गाडींत पाऊल ठेवूं नये. न घेतलेलें तिकीट म्हणजे, हिशेबाच्या वहींत, न आलेला उतारूच होय.