जुना संगणक : काय बदलावे, काय ठेवावे?

मुलांनो, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली हे लहानसे गाव 29 सप्टेंबर 2010 रोजी देशभर गाजले. भारतातील पहिले आधार क्रमांक त्या दिवशी तेथे देण्यात आले. बोटांचे ठसे आणि बुबुळांची छायाचित्रे संगणकात साठवून माणसाची ओळख पटवण्याच्या कामाला तेथून आरंभ झाला. आज शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, सातबारा उतारा अशी कितीतरी कामे संगणकावर होतात. म्हणूनच घरातला संगणक मंदावला की सगळे घर चिंतेत पडते.

समजा, शहाद्याच्या एका घरी 2014 साली घेतलेला संगणक आहे. त्यात 4 जीबी रॅम आणि 500 जीबीची हार्ड डिस्क आहे. तो सुरू व्हायला चार मिनिटे लागतात. काका म्हणतात, "भंगारात द्या, नवा घ्या." शेजारचा दादा म्हणतो, "नवा प्रोसेसर टाका, वाऱ्यासारखा पळेल." आई म्हणते, "पैसे एकदाच खर्च करता येतील. काय बदलायचे ते नीट ठरवा." कोणाचे ऐकावे? चला, आपणच तपासू.

आधी नाडी पाहा

वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. विंडोज असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोण किती टक्के कामात आहे, हे तो दाखवतो. संगणक अडखळत असताना डिस्क 100 टक्क्यांवर आणि प्रोसेसर 15 टक्क्यांवर असेल, तर प्रोसेसर चक्क वाट पाहत बसला आहे! अशा वेळी तो बदलून काय उपयोग?

ओटा आणि गोदाम

नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. तेथील एखाद्या दुकानाची कल्पना करा. समोर माल मांडायचा ओटा आहे आणि मागे गोदाम. रॅम म्हणजे हा ओटा, हार्ड डिस्क म्हणजे गोदाम. गिऱ्हाइकाला माल दाखवायचा तर तो ओट्यावर आणावा लागतो. ओटा लहान असेल, तर एक पोते आत नेल्याशिवाय दुसरे बाहेर मांडता येत नाही. सगळा वेळ येरझारांत जातो. रॅम भरली की संगणकाचेही असेच होते. मेमरी सतत 90 टक्क्यांच्या वर राहत असेल, तर ओटा वाढवायला हवा.

मात्र दुकानात दिसेल ती रॅम चालत नाही. 2014 च्या संगणकात बहुधा डीडीआर3 जातीची रॅम असते. तिच्या कडेची खाच डीडीआर4 पेक्षा वेगळ्या जागी असते. त्यामुळे एक दुसरीच्या जागी बसतच नाही. जोर लावाल तर मदरबोर्ड मोडेल. शिवाय विंडोज 32 बिटी असेल, तर 2 चा 32 वा घात, म्हणजे 4,29,49,67,296 एवढेच पत्ते मिळतात. हे झाले 4 जीबी. त्यापुढची रॅम वापरण्यासाठी 64 बिटी प्रणाली हवी.

फिरती चकती

आता गोदामाकडे वळू. हार्ड डिस्कमधील चकती मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. एका फेऱ्याला सुमारे 8 मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचकशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे 4 मिलिसेकंद थांबावे लागते. शीर्ष योग्य जागी सरकायला आणखी सुमारे 9. एकूण झाले 13. विखुरलेले 10,000 तुकडे वाचायचे असतील, तर 130 सेकंद गेले!

एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. माहिती विद्युतभाराच्या रूपात चिपमध्ये साठवलेली असते. एका तुकड्याला साधारण 0.1 मिलिसेकंद धरले, तर 10,000 तुकड्यांना 1 सेकंद पुरतो.

अम्डाल यांचे गणित

जीन अम्डाल या अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी 1967 साली एक साधा पण मोलाचा मुद्दा मांडला. कामाचा जेवढा भाग तुम्ही वेगवान कराल, फायदा तेवढ्याच भागापुरता होतो. आपल्या संगणकाला हे लावून पाहू. सुरू होण्याच्या 240 सेकंदांपैकी समजा 200 डिस्कचे आणि 40 प्रोसेसरचे.

दुप्पट वेगाचा प्रोसेसर घातला : 200 + 20 = 220 सेकंद.
दहापट वेगाची डिस्क घातली : 20 + 40 = 60 सेकंद.

दादाचा सल्ला मानला असता, तर आईचे पैसे 20 सेकंदांसाठी गेले असते!

धूळ आणि ऊन

एक उपाय मात्र जवळजवळ फुकट आहे. मे महिन्यात नंदुरबारचा पारा 40 अंशांपलीकडे जातो. पंख्यावर धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. मऊ ब्रशाने धूळ काढा. प्रोसेसर आणि त्यावरची धातूची पट्टी यांच्यामधली पेस्ट वाळली असेल, तर जाणकाराकडून नवी लावून घ्या. हवा उष्णतेची दुर्वाहक असते. बारीक फटींतली हवा हटवून उष्णतेला वाट करून देणे हे त्या पेस्टचे काम. घड्याळ दर वेळी मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरची 3 व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. ती बदलली की काम झाले.

हे विसरू नका

पहिले, कशालाही हात लावण्याआधी फोटो आणि कागदपत्रांची दुसरी प्रत काढून ठेवा. दुसरे, प्लग काढा आणि पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करा. कोरड्या हवेत अंगावर साचलेली स्थिर विद्युत चिप जाळू शकते. तिसरे, वीजपुरवठ्याची बंद पेटी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्या संधारित्रांत धोकादायक भार उरतो. चौथे, मोठ्यांना सोबत घ्या.

काकांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला आणि 2014 चे प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाहीत. पण लिनक्सवर आधारलेल्या विनामूल्य प्रणाली अशा यंत्रांवर चालू शकतात. सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' ही त्यांपैकीच एक. मदरबोर्डच जळाला असेल, तर मात्र काकांचे ऐकावे. काढलेले भाग कचऱ्यात टाकू नयेत. ते ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावेत.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी घड्याळ लावून वेळ मोजा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाचा आला हे कळणार नाही. प्रयोगशाळेत आपण हेच करतो ना?

स्वाध्याय

1. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या चकतीला अर्ध्या फेऱ्यासाठी किती वेळ लागेल?
2. वरील उदाहरणात डिस्कचा वेळ शून्य झाला, तरी संगणक किती सेकंदांपेक्षा लवकर सुरू होणार नाही? का?
3. घरातला किंवा शाळेतला संगणक सुरू होण्याची वेळ तीनदा मोजा आणि सरासरी काढा.