काट्यामागची केबल

सावेडी, अहिल्यानगर

चि. बाळास,



परवा ताईचा फोन आला होता. तू आठ दिवस धड जेवत नाहीस, शटर ओढल्यावरही समोरच्या दुकानाकडे बघत उभा राहतोस, असं ती म्हणाली. रात्री तुझा मेसेजही वाचला. समोरच्याने ऑफिसच्या कॉम्प्युटरची सगळी रेंज नवी लावली, आपला माल जुना दिसायला लागला, भाव पाडू का, असं तू विचारलंयस. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहायला बसलो.

समोर काय आलंय ते आधी नीट बघ. डेलने जानेवारी २०२५ मध्ये ऑफिसच्या मशिनांची तीस-तीस वर्षांची नावं एका फटक्यात बदलली. लॅटिट्यूड आणि ऑप्टिप्लेक्स गेलं, डेल प्रो आलं. सोबत नवे प्रोसेसर, नवी बॉडी. माल चांगला आहे आणि तो चांगला आहे असंच तू गिऱ्हाइकाला सांग. संगमनेरात पतसंस्थेचा मॅनेजर दोन्ही दुकानांत चहा पितो. तू समोरच्याच्या मालाला नावं ठेवलीस तर संध्याकाळच्या आत ते तिकडे पोचतं आणि हलका तू ठरतोस.

भाव पाडायचं मात्र मनातून पूर्ण काढून टाक. मधल्या किमतीच्या ऑफिस मशिनावर आपल्याला काय सुटतं ते तुला माहीत आहे. तू हजार कमी केलेस तर तो दीड हजार करील, त्याच्या पाठीशी मोठा स्टॉकिस्ट आहे. पुढे सहा महिन्यांनी अकोले तालुक्यातल्या एखाद्या सोसायटीत मशीन बंद पडलं की पोराला गाडीवर पाठवायला पेट्रोलचे पैसेही त्या बिलातून निघणार नाहीत. तू टाळाटाळ करशील. आपल्या धंद्यात नाव जातं ते तिथे.

गिऱ्हाईक आत्ताच का हललंय, हेही समजून घे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेली बहुतेक मशीनं चालू असूनही बाद झाली. पतसंस्था, दूध सोसायट्या, शाळा, हॉस्पिटलं, सगळ्यांची एकदम गरज निघाली आहे. त्यांना घाबरवून माल खपवणारे खूप फिरतायत. तू तसं करू नकोस. ज्याला यंदा जमत नाही त्याला सांग की संस्थांसाठी पैसे भरून सुरक्षा अपडेट घेण्याची सोय आहे, पहिल्या वर्षी मशिनामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. त्यात तुझी आजची विक्री गेली तरी जाऊ दे. तो माणूस पुढच्या मार्चमध्ये तुझ्याकडेच येईल.

आता मुख्य गोष्ट. तू दोन्ही कंपन्यांची पत्रकं शेजारी ठेवून रॅम, एसएसडी, स्क्रीन जुळवत बसलायस. त्या पत्रकात आपल्या गिऱ्हाइकाचं काम कुठेच लिहिलेलं नाही. ते बघायला टेबलामागे वाकावं लागतं.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्याचा वजनकाटा बघ. गळीत हंगामात रात्री दोन वाजता उसाने भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढतो. काट्याच्या डिस्प्लेवर आकडा स्थिर झाला की तो नऊ पिनांच्या सिरियल केबलमधून कॉम्प्युटरवर येतो, क्लार्क शेतकऱ्याचा कोड टाकतो, डॉट मॅट्रिक्सवर पावती निघते. मागे गाड्या उभ्याच असतात. तोडलेला ऊस जितका उभा राहील तितका सुकतो, वजन घटतं, साखर घटते. दूध संकलन केंद्रावरही हेच. पहाटे साडेपाचला किटल्या घेऊन माणसं रांगेत असतात, फॅट मशीन आणि काटा दोन्ही सिरियल केबलने जोडलेले असतात.

नव्या मशिनांत हे पोर्ट बहुधा मुळात नसतं. कंपनीकडे ऑर्डर देतानाच मागितलं तर अनेक मॉडेलांत बसवून मिळतं, पण दुकानात तयार पडलेल्या मालात नसतं. मग कोणीतरी यूएसबीचा स्वस्त कन्व्हर्टर लावून देतो. दोन दिवस चालतं. तिसऱ्या दिवशी झाडणारी बाई वायर काढून शेजारच्या भोकात घालते, पोर्टचा नंबर कॉम ३ चा कॉम ५ होतो आणि प्रोग्रॅमला काटा सापडत नाही. क्लार्कला यातलं काही कळत नाही. त्याला एवढंच दिसतं की नवा कॉम्प्युटर आणला आणि काम बंद पडलं.

हे मी माझ्या चुकीतून शिकलोय. पंधराएक वर्षांपूर्वी एका पतसंस्थेत मी अकरा नवी मशीनं बसवली. बिल मिळालं, पेढे वाटले. पासबुक छापायचा प्रिंटर पॅरलल पोर्टचा होता आणि नव्या मशिनांना ते पोर्टच नव्हतं, हे मी बघितलंच नव्हतं. वर त्यांचा पगाराचा प्रोग्रॅम डॉसमधल्या फॉक्सप्रोचा, तो ६४ बिटच्या विंडोजवर उघडेना. मार्चएंड तोंडावर होता. कॅशियर बाई तीन दिवस हाताने पासबुकं लिहीत होत्या आणि म्हातारे सभासद बाकावर बसून होते. त्यातल्या एका आजोबांनी मला विचारलं, "जुन्यावर काय वाईट चाललं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुनी दोन मशीनं माळ्यावरून काढून मी परत बसवली, तेव्हा काम सुरू झालं.

आज विंडोज ११ मध्ये ३२ बिटची आवृत्तीच नाही. त्यामुळे असे जुने डॉसचे प्रोग्रॅम ज्यांच्याकडे अजून आहेत त्या प्रत्येक ठिकाणी हीच अडचण पुन्हा उभी राहणार. डॉसबॉक्स किंवा व्हर्च्युअल मशीन टाकून ती सोडवता येते. पण आधी जाऊन बघितलं तरच.

मधल्या पट्ट्यातल्या बिझनेस मशिनांचा सगळा इतिहास, जुनं काम नव्या मशिनावर चालू राहील का, याच प्रश्नाभोवती फिरलाय. ऐंशीच्या दशकात डेक या कंपनीच्या व्हॅक्स मशिनांनी आयबीएमचं गिऱ्हाईक खेचायला सुरुवात केली होती. आयबीएमकडे सिस्टीम/३६ आणि सिस्टीम/३८ अशा दोन, एकमेकींशी न जुळणाऱ्या ओळी होत्या. २१ जून १९८८ ला त्यांनी एएस/४०० आणलं. ३८ वरचे प्रोग्रॅम त्यावर चालले, ३६ वाल्यांसाठी आतच वेगळी सोय ठेवली. १९९५ मध्ये तर आतला प्रोसेसरच ४८ बिटवरून ६४ बिटचा केला, तरी गिऱ्हाइकाला आपले हिशेबाचे प्रोग्रॅम नव्याने लिहावे लागले नाहीत. त्याच ओळीचं मशीन आज वेगळ्या नावाने चालू आहे. एचपीचं ३००० हेही त्याच तोडीचं, कारखानदारांचं लाडकं मशीन होतं. नोव्हेंबर २००१ मध्ये कंपनीने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि हजारो ऑफिसांना चालता गाडा सोडून दुसरीकडे जावं लागलं. मशीन कोणाचं वेगवान होतं हे आता कोणाच्या लक्षात नाही. आपलं काम कोणी बुडू दिलं नाही, हे लक्षात आहे.

आपल्याकडचंही एक सांगतो. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून गेली. तिची मशीनं मात्र इथेच ऑफिसांत राहिली. ती चालू ठेवायचं काम सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतलं. विकणारा निघून गेला तरी काम थांबलं नाही, कारण पाना हातात घेऊन जाणारं कोणीतरी होतं.

तू आणखी एक विचारलंस. आपल्या कंपनीचीही नवी रेंज दोन महिन्यांत येतेय, असं सांगून गिऱ्हाईक थोपवून धरू का? नको. ॲडम ऑसबर्नची गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. लहानपण तिरुवण्णामलैत गेलेला माणूस, १९८१ मध्ये त्याने हातात उचलून नेता येईल असा कॉम्प्युटर १,७९५ डॉलरला काढला. तो धडाक्यात खपला. मग केप्रोने त्याच किमतीत पाच इंचाऐवजी नऊ इंची स्क्रीन दिली आणि इकडे ऑसबर्नने पुढच्या मॉडेलबद्दल आधीच बोलायला सुरुवात केली. लोक थांबले, जुना माल पडून राहिला, सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. दिवाळ्याची कारणं आणखीही होती. पण आज रोकड आणणाऱ्या मालावर आपणच पाणी ओतायचं नसतं, एवढं त्यातून घे.

उद्यापासून दुकानात बसून समोर बघणं बंद कर. पहिले दोन आठवडे सकाळी दुकान पोरावर सोपव आणि आपल्या जुन्या गिऱ्हाइकांकडे जा. विकायला जाऊ नकोस, वही घेऊन जा. मशीन कधीचं, मागे कोणती वायर कुठे जाते, प्रिंटर कोणता, प्रोग्रॅम कोणी लिहिला आणि तो माणूस आता कुठे आहे, बॅकअप कशावर घेतात, लाइट गेल्यावर यूपीएस किती मिनिटं टिकतो, सगळं लिही. मशीन उघडून धूळ पुसून दे, त्याचे पैसे घेऊ नकोस. जिथे खरंच आपल्यापेक्षा समोरच्याचं मॉडेल बसत असेल तिथे तसं सांग. दहात एकदा तसं होईल, ते सोसायची तयारी ठेव.

सुरुवात दूध संकलन केंद्रापासून कर. पहाटे साडेपाचला तिथे हो, किटल्यांची रांग संपेपर्यंत कोपऱ्यात उभं राहून नुसतं बघ. चांगल्या चिपचे चार सिरियल कन्व्हर्टर आणि दोन लांब केबली उद्याच्या एसटीने पाठवतोय, स्टँडवरून उतरवून घे. वही भरली की घेऊन इकडे ये. भाव काय लावायचा ते तेव्हा बसून ठरवू.

आणि जेवत जा. ताई काळजी करते.

तुझा,
मामा