सुटलेला व्यायाम पुन्हा धरताना
मुरलीकांत पेटकर यांच्या उदाहरणावरून काही धडे

बीदरजवळील मैलूरपासून कलबुर्गी जिल्ह्याच्या सीमेपर्यंत कोणत्याही गावी गेल्यास एके काळी लाल मातीत नाव कमावलेला, कबड्डीच्या मैदानात पंचक्रोशी गाजवलेला किंवा शालेय धावण्याच्या शर्यतीत जिल्ह्यात पहिला आलेला एखादा तरी गृहस्थ भेटतोच. आज तो शिक्षक असतो, तलाठी असतो, एस.टी.चा वाहक असतो किंवा स्वतःची शेती पाहत असतो. त्याच्या घराच्या भिंतीवर जुनी प्रशस्तिपत्रे टांगलेली असतात. परंतु दोन जिने चढताच त्याला धाप लागते. व्यायाम सुटला, मात्र तालमीतला खुराक सुटला नाही, हेच बहुधा त्याचे कारण असते. दूध, तूप आणि बदाम यांचे सेवन तेच राहिले; ते जिरवणारे जोर-बैठकांचे कष्ट तेवढे थांबले.

अशा व्यक्तीला गेलेले शरीरस्वास्थ्य पुन्हा मिळवता येते काय, आणि येत असल्यास कोणत्या मार्गाने, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर एका मराठी जवानाच्या आयुष्यात स्पष्टपणे वाचावयास मिळते.

मुष्टियोद्ध्यापासून जलतरणपटूपर्यंत

मुरलीकांत राजाराम पेटकर यांचा जन्म १९४४ साली सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे झाला. कोवळ्या वयातच ते भारतीय सेनेत दाखल झाले. सेनेच्या विद्युत व यांत्रिक अभियंता दलात, म्हणजेच ई.एम.ई.मध्ये, ते कारागीर जवान होते. तेथे त्यांच्या क्रीडागुणांना वाव मिळाला आणि मुष्टियुद्धात त्यांनी नाव कमावले. १९६४ साली टोकियो येथे भरलेल्या सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा मेळाव्यात त्यांनी पदक मिळवले. पुढील वाटचाल निश्चित झाली आहे, असे कोणासही वाटावे, अशी ही स्थिती होती.

१९६५ च्या भारत-पाक युद्धाने ती वाट तोडली. सियालकोट आघाडीवर शत्रूच्या विमानांच्या हल्ल्यात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. त्यांपैकी एक गोळी पाठीच्या कण्यात रुतून बसली आणि कंबरेखालचे शरीर निकामी झाले. ज्या पायांच्या चपळाईवर मुष्टियोद्ध्याचा खेळ उभा असतो, तेच पाय गेले. वय एकवीस वर्षांचेही पूर्ण नव्हते.

पुढे मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. भौतिकोपचाराचा एक भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. पोहणे हा त्यांच्या बाबतीत प्रथम खेळ नव्हता, ते औषध होते. हे औषध ठरावीक मात्रेत व ठरावीक क्रमाने घ्यावयाचे होते. हळूहळू या औषधाचा खेळ झाला आणि खेळातून स्पर्धा उभी राहिली. १९६८ साली तेल अवीव येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत त्यांनी टेबल टेनिसमध्ये भाग घेतला. अपंगांच्या कल्याणकार्यात रस घेणारे ख्यातनाम क्रिकेटपटू विजय मर्चंट यांचे या काळात त्यांना साहाय्य लाभले.

ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॅरालिम्पिक स्पर्धा झाल्या. त्यांत पन्नास मीटर मुक्तशैली जलतरणात पेटकर यांनी ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे हे पहिले सुवर्णपदक होय. गोळ्यांनी जायबंदी होण्याचा प्रसंग आणि सुवर्णपदक यांमध्ये सात वर्षांचे अंतर आहे. हे अंतर विसरून केवळ पदकाकडे पाहिले, तर या उदाहरणातील खरा धडा हातून निसटतो.

पदकानंतर पेटकर यांनी पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरी केली. देशाने त्यांची दखल मात्र सावकाश घेतली. पद्मश्री हा किताब त्यांना २०१८ साली, म्हणजे सुवर्णपदकानंतर ४६ वर्षांनी मिळाला. २०२४ साली त्यांच्या जीवनावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट आला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्काराने जीवनगौरवार्थ सन्मानित करण्यात आले.

या उपचारपद्धतीचे मूळ

कण्याला इजा झालेल्या रुग्णास खेळ शिकवावा, ही कल्पना फार जुनी नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत असा रुग्ण अंथरुणाला खिळला की बहुधा शय्याव्रणांनी किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने अल्पकाळातच दगावत असे. नाझी राजवटीतून निसटून इंग्लंडला आलेले मज्जासंस्थातज्ज्ञ डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ साली स्टोक मँडेविल रुग्णालयात या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे, मूत्राशयाची स्वच्छता राखणे, शाबूत असलेल्या स्नायूंना रोज काम देणे आणि रुग्णाला दिवसभर कशात तरी गुंतवून ठेवणे, असा त्यांचा शिस्तबद्ध कार्यक्रम असे. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या १६ स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. १९६० साली रोम येथे झालेल्या पहिल्या पॅरालिम्पिक स्पर्धांचे बीज याच छोट्या मेळाव्यात होते.

पाणी हेच साधन का, हेही समजून घेण्यासारखे आहे. कंबरेइतक्या पाण्यात उभे राहिले असता शरीराचा सुमारे निम्माच भार पायांवर येतो. छातीइतक्या पाण्यात तो सुमारे एकतृतीयांश, तर मानेइतक्या पाण्यात जेमतेम दहावा हिस्सा उरतो. त्यामुळे दुखऱ्या सांध्यांवर ताण न पडता हालचाल करता येते. शिवाय पाण्याचा विरोध आपण जितका जोर लावू तितकाच वाढतो. अशक्त माणसाने हळू हात मारला, तर पाणीही सौम्य राहते; बळ वाढून हात वेगाने चालू लागला, की पाण्याचा विरोधही वाढतो. पाण्याच्या दाबाने पायांतील रक्त हृदयाकडे परतण्यासही मदत होते.

तीन आठवडे आणि तीस वर्षे

ज्यांना अपघात झालेला नाही, केवळ कामाच्या व्यापात व्यायाम सुटला आहे, त्यांच्यासाठी अमेरिकेतील डॅलस येथील एक प्रयोग मार्गदर्शक ठरतो. १९६६ साली तेथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे सक्तीने अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. एवढ्या विश्रांतीने त्यांची दमछाक सहन करण्याची क्षमता लक्षणीय घटली. नंतरच्या शिस्तबद्ध व्यायामाने ती परत आली.

तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. आता ते पन्नाशीला आले होते. वजन सरासरीने पावपट वाढले होते आणि अंगातील चरबीचे प्रमाण दुप्पट झाले होते. तरीही तीस वर्षांच्या वयवाढीने त्यांच्या क्षमतेची जेवढी हानी केली होती, त्याहून अधिक हानी तरुणपणीच्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केली होती, असे आढळले. पुढे सहा महिने त्यांना चालणे, धावणे व सायकल चालवणे असा व्यायाम देण्यात आला. तो अल्प प्रमाणात सुरू करून क्रमाक्रमाने वाढवण्यात आला. सहा महिन्यांअखेर त्यांची क्षमता वीस वर्षांच्या वयात, अंथरुण धरण्यापूर्वी होती त्या पातळीवर परत आली. पाच माणसांचा हा प्रयोग लहान होता, हे खरे. परंतु वयापेक्षा निष्क्रियता अधिक घातक असते आणि तिच्यावर क्रमबद्ध प्रयत्नांनी मात करता येते, हे त्यातून दिसून आले.

जुन्या खेळाडूची चूक

जुन्या खेळाडूपाशी एक भांडवल असते, ते म्हणजे सरावाची ओळख. डाव, ठेका आणि लय शरीर सहसा विसरत नाही. परंतु हीच ओळख त्याला घात करते. मन वीस वर्षांचे असते, हृदय पंचेचाळीस वर्षांचे. पहिल्याच दिवशी दोनशे बैठका मारण्याचा किंवा तरुण पोरांबरोबर कबड्डीचा पूर्ण डाव खेळण्याचा मोह त्याला आवरत नाही. स्नायू थोड्याच आठवड्यांत बळावतात; स्नायूबंध व सांधे यांना त्याहून बराच अधिक काळ लागतो. या दोहोंमधील अंतरातच गुडघे दुखावतात आणि टाचेची शीर तुटते. रक्तदाब वाढलेला असून त्याची जाणीव नसल्यास प्रसंग जिवावरही बेततो. म्हणून जुन्या खेळाडूने आपणास नवशिका समजूनच प्रारंभ करावा.

बारा आठवड्यांचा क्रम

प्रथम तपासणी. तीस वर्षांवरील व्यक्तींच्या रक्तदाबाची व मधुमेहाची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरांत म्हणजे गावपातळीवरील आरोग्य केंद्रांत केली जाते. प्रारंभीचे वजन, कमरेचा घेर आणि सकाळी उठताच मोजलेली नाडी वहीत नोंदवावी. हृदयविकार, मधुमेह वा जुनी मोठी दुखापत असल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घेतल्यावाचून पुढे जाऊ नये.

पहिले चार आठवडे. आठवड्यातून पाच दिवस वीस मिनिटे चालावे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकाच वेग ठेवावा. दोन दिवस खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे असे सौम्य बलवर्धक प्रकार करावेत.

पाचवा ते आठवा आठवडा. चालण्याचा वेळ तीस मिनिटांवर न्यावा. मधूनमधून एक-दोन मिनिटे वेग वाढवावा. गुडघ्यांना सोसतील इतक्याच अर्ध्या बैठका व थोडे जोर सुरू करावेत.

नववा ते बारावा आठवडा. संथ धावणे, सायकल किंवा पोहणे यांपैकी एक प्रकार जोडावा. आपल्या मूळ खेळाचा सराव येथून, तोही चढाओढ न करता, सुरू करावा. बारा आठवड्यांनंतर वहीतील आकडे पुन्हा तपासावेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस बलवर्धक व्यायाम सुचवला आहे. वरील क्रम त्या मर्यादेपर्यंत नेऊन पोहोचवतो. दीडशे मिनिटे म्हणजे आठवड्यातील पाच दिवस केवळ अर्धा तास. ज्यांना सलग अर्धा तास मिळत नाही, त्यांनी त्याचे दहा-दहा मिनिटांचे भाग पाडावेत. शाळेस पायी जाणारा शिक्षक आणि बाजारास सायकलवर जाणारा शेतकरी यांचा निम्मा व्यायाम वाटेतच होतो.

आहारात फार उलथापालथ करण्याची गरज नाही. ज्वारीची भाकरी, कलबुर्गीची तूरडाळ, पालेभाजी व ताक हा या भागातील आहार मुळातच उत्तम आहे. तूप, साखर, तळलेले पदार्थ आणि रात्रीचे उशिराचे जेवण यांवर मात्र नियंत्रण हवे. या भागातील उन्हाळा कडक असल्याने त्या दिवसांत व्यायाम सूर्योदयाच्या सुमारास उरकावा आणि पाणी पुरेसे प्यावे. तंबाखू व धूम्रपान वर्ज्य करावे. विहिरीत पोहणाऱ्यांनी कधीही एकट्याने उतरू नये.

छातीत दडपण येणे, डाव्या हातात वा जबड्यात कळ येणे, चक्कर किंवा असाधारण धाप ही लक्षणे दिसताच व्यायाम तत्काळ थांबवावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ‘वात असेल’ म्हणून वाट पाहू नये.

गावाची जबाबदारी

पेटकर यांना रुग्णालय, जलतरण तलाव आणि मार्गदर्शक मिळाले. खेड्यात झाडावरून किंवा बैलगाडीवरून पडून कण्याला इजा झालेल्या तरुणास यांपैकी काहीच न मिळता घराच्या कोपऱ्यातील बाज तेवढी मिळते. त्याला आराम देणे म्हणजे त्याची सेवा करणे, असे घरचे प्रामाणिकपणे समजतात. परंतु कूस न बदलता, हात न हलवता दिलेला आराम हाच त्याचा शत्रू ठरतो. हे घरच्यांना समजावून सांगणे आशा कार्यकर्त्या, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांना सहज शक्य आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला असून त्यातील कलम ३० दिव्यांगांच्या क्रीडाविषयक हक्कांसंबंधी आहे. शाळेच्या मैदानावर चाकाच्या खुर्चीसाठी एक उतार बांधणे आणि क्रीडादिनी दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी गोळाफेकीसारखी एक स्पर्धा ठेवणे, यास फारसा खर्च येत नाही.

गावातील जुन्या खेळाडूंनीही या कामी पुढे यावे. ज्याने स्वतः बारा आठवड्यांचा क्रम पार पाडला आहे, तो चार तरुणांना तालमीच्या वाटेवर आणू शकतो आणि एखाद्या बाजेवरच्या मुलाला उठून बसण्याचे बळ देऊ शकतो.

पेटकर यांचे पाय परत आले नाहीत. परत आले ते शरीर वापरण्याचे सामर्थ्य. जे उरले आहे त्याची मोजदाद करावी, तेथूनच आरंभ करावा आणि रोज थोडे पुढे जावे, हा क्रम त्यांनी सात वर्षे पाळला. ज्यांचे हातपाय शाबूत आहेत, त्यांच्याकडून बारा आठवड्यांची अपेक्षा करणे मुळीच जास्त नाही.